भाव येईस्तोवर

कोणाच्याही घरात पाय ठेवला की मास्तर आधी टाळी वाजवायचे. एकच, पण खणखणीत. मग मान तिरपी करून ती टाळी भिंतींना लागून परत येईपर्यंत उंबऱ्यातच उभे राहायचे आणि त्यानंतर चपला काढायचे. "तुमच्या घरात आवाज लय भटकते," असं यजमानाला सुनावून पाण्याचा गिलास हातात घ्यायचे. बारसं असो, वास्तू असो, सोयरीक जुळवायला गेलेले असोत, टाळी चुकायची नाही. पुलगावात एका घरी म्हातारे वारले, तिथं आम्ही भेटायला गेलो, तर तिथंही वाजवली. बायका रडायच्या थांबल्या. मास्तरांनी मान तिरपी केली, ऐकलं आणि म्हाताऱ्याच्या मुलाशेजारी जाऊन मुकाट बसले. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, अहो, निदान इथं तरी! तर मलाच म्हणाले, "म्हाताऱ्यानं घर चांगलं बांधलं होतं मॅडम. हे कोणी सांगाले नको काय?"

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शाळेनं त्यांना आणि त्यांनी शाळेला फार लवकर सोडलं होतं. हे बँडमास्तर. वडिलांची बँड पार्टी होती. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पायात ज्याच्या त्याच्या चपला. वडील गेल्यावर ट्रम्पेट, टोपी आणि 'मास्तर' ही पदवी एवढं वारशानं आलं. लग्नाच्या सुपाऱ्या मात्र आल्या नाहीत, त्या डीजेवाल्यांकडे गेल्या. मग पोटापाण्यासाठी त्यांनी स्टेशनच्या रस्त्यावर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. रेडिओ मेले, टीव्ही मेले, तेव्हा मोबाईल आले.

त्या दुकानात कधीकाळी लष्कराच्या डेपोतल्या एका साहेबांनी टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाकला होता. सोबत कॅसेटचं खोकं, एकाही कॅसेटवर नाव नाही. साहेबांची बदली झाली, ते गेले ते गेलेच. मास्तरांनी टेप दुरुस्त केला आणि नीट वाजतो की नाही हे पाहायला त्यातली एक कॅसेट लावली. ते पाहणं त्यानंतर कित्येक वर्षं चाललं होतं. खोकं त्यांनी स्वतःचं कधी मानलं नाही. कोणी कॅसेट घरी मागितली तर म्हणायचे, गिऱ्हाईकाचा माल आहे, उद्या साहेब आले तर काय तोंड दाखवू? ज्या माणसाकडे दिलेला मोबाईल परत मिळवायला लोकांना चकरा मारून मारून टाचा झिजवाव्या लागत, त्या माणसाची ही सचोटी.

हे जे आपण इतकी वर्षं ऐकतोय त्याला काय म्हणतात, हे त्यांना माहीत नव्हतं. एकदा वर्ध्याचा एक इंजिनीअरिंगचा पोरगा चार्जर घ्यायला आला आणि जाता जाता म्हणाला, काका, हे तर फंक आहे, अमेरिकेतलं ठेक्याचं संगीत. मास्तरांनी त्याला तिथंच बसवून घेतलं, चहा पाजला, आणि संध्याकाळी सगळ्या लाइनीत पेढे वाटले. कसले पेढे म्हणून विचारलं की सांगायचे, नाव कळलं. शेजारच्या चपलांच्या दुकानदाराला वाटलं नातू झाला. मास्तरांचं लग्नच झालेलं नव्हतं, पण त्यानं अभिनंदन केलं आणि पेढा खाल्ला.

त्या पोराकडे गिटार होती. बस, बँड सुरू.

मास्तरांच्या मते फंक म्हणजे 'एक'. बाकी सगळे लोक गाणं सुरू करताना एक-दोन-तीन-चार मोजतात. मास्तर 'एक' म्हणायचे आणि गप्प बसायचे. मग थोड्या वेळानं पुन्हा 'एक'. मधल्या दोन, तीन, चारचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "पहिल्याले सांभाळा. बाकीचे त्याच्या मागं येतात, जातीन कुठं?" हा सिद्धांत त्यांनी सगळ्या जगण्याला लावला होता. चहाचा पहिला घोट सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा घ्यायचे, पुढचे आवाज न करता. चालताना दर चौथ्या पावलाला उजवा पाय आपटायचे. प्लॅटफॉर्मवर त्यांना तसं चालताना पाहून लोक गुडघ्याची चौकशी करत, कोणी तेल सुचवत, आणि मास्तर ते तेल लिहून घेत.

मी यात कशी सापडले? मी आर्वीला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. लहानपणी हार्मोनियमच्या परीक्षा दिलेल्या, त्यामुळे गॅदरिंग आलं की कीबोर्ड माझ्या गळ्यात. त्या वर्षी स्पीकर दुरुस्त करायला हे गृहस्थ आले आणि स्टेजखाली वायरी सोलत बसले. माझं वाजवून झाल्यावर टाळ्या पडल्या, प्राचार्यांनी गुच्छ दिला. मास्तर वर आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा डावा हात चांगला हाय. उजव्यानं सारा नास केला." असं कौतुक माझं आजवर कोणी केलं नव्हतं. संतापून मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, माणूस जाणकार दिसतो. नवऱ्यावर राग काढायचा म्हणून मी पुढच्या रविवारी रोहणा गावी त्यांच्या तालमीला गेले. त्यानंतर उजवा हात मी रोहण्याला कधी वापरला नाही. बँडमध्ये खर्जाची गिटार नव्हती, म्हणून खालचे सूर मी डाव्या हातानं द्यायचे. उजव्या हाताची बोटं चुकून पट्ट्यांकडे सरकली की मास्तर म्हणायचे, त्याले कॉलेजात ठेवून येत जा.

आता रोहणा. रोहण्याला वसंतभाऊ राहायचे, मास्तरांचे जन्माचे दोस्त. मास्तरांच्या वडिलांच्या बँडमध्ये दोघं पोरं म्हणून लागले होते. लहान मापाचा लाल कोट एकच होता, तो एका लग्नात याच्या अंगावर, दुसऱ्या लग्नात त्याच्या. मास्तर ट्रम्पेट शिकले, वसंतभाऊ ढोल. पुढे वसंतभाऊंनी वडिलांची शेती चांगली वाढवली, दोन विहिरी केल्या, माणूस गावात वजनदार. पण बँडमधला तो मोठा ढोल त्यांनी घरी ठेवून घेतला होता. मास्तरांनी तो आडवा करून त्याला शिलाई मशीनच्या पायट्याचा ठोका बसवून दिला, बाजूला दोन लहान ढोल आणि झांजा टांगल्या, झाला ड्रम. असा ड्रम तुम्ही कुठं पाहिला नसेल, पाहायचं काही कारणही नाही. पण वसंतभाऊंनी त्यावर पहिला ठोका मारला की माझ्या छातीत बसायचा. हे मी गंमतीनं सांगत नाहीये. तो ठोका होता म्हणून तो बँड होता, बाकी आम्ही सगळे पाहुणे.

गाणी झाली, आता अल्बम काढायचा, असं मास्तरांच्या मनानं घेतलं. नागपूरचा स्टुडिओ परवडणारा नव्हता. मास्तर पुलगावापासून आर्वीपर्यंत घराघरांत टाळ्या वाजवत फिरले. मंगल कार्यालय, ग्रामपंचायतीचा हॉल, एका ओळखीच्या डॉक्टरांचं तळघर, सगळीकडे आवाज भटकायचा. दिवाळी होऊन गेली होती. असेच एकदा वसंतभाऊंकडे गेलो तर पुढच्या मोठ्या खोलीत यंदाचा कापूस भरलेला, जमिनीपासून पार छतापर्यंत. भाव नव्हता म्हणून वसंतभाऊंनी घरातच ठेवला होता. आमच्याकडे सगळेच ठेवतात. मास्तरांनी दारात उभं राहून सवयीनं टाळी वाजवली. ती परत आलीच नाही. त्यांनी पुन्हा वाजवली. मग इतक्या हळू बोलले की मला वाटलं यांना काही होतंय. "वसंता, टाळी मेली गड्या."

झालं. कापसात मधोमध विहिरीसारखी जागा केली आणि त्यात आम्ही बसलो. दुकानातल्या चार मेलेल्या कॉम्प्युटरांचा मिळून मास्तरांनी एक जिवंत केला होता, तो घरघर करायचा म्हणून त्याला माजघरात वाकळ पांघरून ठेवला. माइक लग्नातले. रेकॉर्डिंग दर रविवारी. वसंतभाऊंच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, एकदाच विचारलं की हे कधी संपणार. मास्तर म्हणाले, "भाव येईस्तोवर, वहिनी." त्यांना वाटलं मास्तर त्यांच्या बाजूनं बोलतायत.

एवढ्या मोठ्या जिल्ह्यात त्या हिवाळ्यात जो तो कापसाला भाव यावा म्हणून देवाला हात जोडत होता, आणि आमचा बँड तेवढा येऊ नये म्हणून. मी पगारदार बाई, कधी बोंडाला हात न लावलेली, सकाळी पेपर आला की आधी कापसाचा भाव पाहायचे. आणि इकडे वसंतभाऊही पाहायचे. दोघं एकाच आकड्याकडे, उलट्या तोंडानं.

घरात कापूस फार दिवस ठेवला की त्यात बारीक किडे होतात आणि अंगाला खाज सुटते. हे शेतकऱ्याला माहीत असतं. कलावंताला नसतं. आमचा सॅक्सोफोनवाला वर्ध्याहून कडक इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर त्यानं सॅक्सोफोन खाली ठेवला, दाराच्या चौकटीला पाठ घासली, आणि जो गेला तो पुन्हा दिसला नाही. मी म्हटलं, आता याचं अर्धं वाजवणं काढून टाकू, नवा माणूस आणू. मास्तर असे काही माझ्याकडे बघायला लागले की जणू मी त्या माणसालाच गाडून टाकायला सांगितलं. "काऊन काढाचं? गवंडी काम सोडून गेला म्हणून त्यानं बांधलेली भिंत पाडता काय मॅडम? गेलेल्याचं पुसायचं नाई."

तो नियम झाला. गेलेल्याचं पुसायचं नाही. आणि आमच्याकडे तर जाण्याची रीघ लागली. गिटारवाल्या पोराला पुण्यात नोकरी लागली, तो चार गाण्यांत वाजवून गेला. त्याच्या जागी आर्वीच्या भजनी मंडळातले बेंजोवाले काका आले. ते काहीही वाजवलं तरी आरतीच्या अंगानं वाजवायचे आणि मास्तरांना ते पसंत पडलं. गिटारही ठेवली, बेंजोही ठेवला. दोघं एकमेकांना आयुष्यात भेटले नाहीत, पण चार गाणी एकमेकांच्या तोंडाला तोंड देत भांडतात. मग मंडळानं काकांना जाब विचारला, की तुम्ही कापसात बसून हे कसलं वाजवता. काकाही गेले. त्यांचंही ठेवलं. गाणारा म्हणून जो आणला होता तो एका गाण्यात फक्त "हां, हां" करून निवडणुकीच्या प्रचाराला गेला, ते "हां, हां" आहे अजून. बँडला नाव ठेवायचं ठरायचं आणि त्या बैठकीला यायचा माणूसच तेवढ्यात बँड सोडायचा. शेवटी राहिलो मास्तर, वसंतभाऊ आणि माझा डावा हात. नाव राहूनच गेलं.

होळीच्या सुमारास भाव आला.

गावोगाव फिरून कापूस घेणारा व्यापारी काटा घेऊन वसंतभाऊंच्या दारात येऊन उभा राहिला. वसंतभाऊंच्या पोरीचं लग्न वैशाखात ठरलं होतं, आर्वीचं कार्यालय बोलून ठेवलं होतं, कापूस विकायचा आणि पुढचं सगळं करायचं असा बेत. आणि अल्बमची दोन गाणी राहिली होती. मी तिथं होते. मास्तर व्यापाऱ्याच्या गाडीकडे बघत होते, खोलीकडे बघत होते. मग वसंतभाऊंना बाजूला घेऊन म्हणाले, आठ दिवस थांब, भाव अजून चढतो. वसंतभाऊंनी विचारलं, पक्कं? मास्तर म्हणाले, पक्कं. ज्या आवाजात ते 'एक' म्हणायचे त्याच आवाजात.

आता तुम्ही म्हणाल, मोबाईल दुरुस्त करणाऱ्याच्या सांगण्यावर कोणी शेतकरी कापूस थांबवतो का? नाही थांबवत. पण एका कोटात वाढलेला माणूस थांबवतो. वसंतभाऊंनी व्यापाऱ्याला चहा पाजून वापस पाठवलं.

त्या आठ दिवसांत वसंतभाऊंनी जे वाजवलं तसं त्यांनी आधी कधी वाजवलं नव्हतं. कॉलेजला सुट्ट्या टाकून मी जात होते. वसंतभाऊ खुशीत होते, पोरीचं लग्न, वरून भाव चढणार. शेवटच्या गाण्यात तर त्यांचा पाय त्या पायट्यावर असा पडत होता की कापसाच्या ढिगातून वरचा कापूस खाली घसरत होता. मास्तर ट्रम्पेट खाली ठेवून नुसते ऐकत बसले होते. आणि तिकडे भाव पडत होता. आधी थोडा, मग धाडकन. मास्तरांना ते माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पेपर मी वाचत होते, आणि मी गप्प होते.

पडल्या भावातच शेवटी कापूस गेला. आर्वीचं कार्यालय रद्द झालं, लग्न घरापुढच्या मांडवात आलं. वहिनींनी आम्हाला चहा देणं थांबवलं नाही, नुसती बशी जरा जोरात ठेवली.

मी कीबोर्ड आणायला म्हणून मास्तरांबरोबर गेले तेव्हा खोली रिकामी होती. कोपऱ्याकोपऱ्यात थोडा कापूस चिकटलेला. मास्तर दारात उभे राहिले आणि त्यांनी त्या दिवशी टाळी वाजवली नाही. वसंतभाऊ ढोलाच्या दोऱ्या सोडत बसले होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "तुले कोणं सांगतलं होतं का भाव चढते?"

दुसरा कोणी असता तर त्यानं काहीतरी थाप मारली असती. बाजार समितीतला मित्र, टीव्हीवरची बातमी, काहीही. शंभर कारणं होती. पण हा माणूस! खोटं बोलला तर दोस्ताच्या आयुष्यातलं एवढं मोठं बोलला, आणि खरं बोलायची वेळ आली तर एका श्वासात सगळं सांगून मोकळा.

"कोणंच नाई. दोन गाणे राह्यले होते."

वसंतभाऊ उठले. मला वाटलं आता ढोल घालतात डोक्यात. मला ते बरंही वाटलं असतं. पण ते ओरडले नाहीत. म्हणाले, "माहा ढोल काढून टाक त्यातून. साऱ्या गाण्यातून. माहं नाव बी नको अन् माहा ठोका बी नको."

मास्तर म्हणाले, "बरं."

'बरं' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. परतीच्या एसटीत मी त्यांना पोटभर बोलले. लाज नाही वाटली का, पोरीच्या लग्नाचा पैसा तो, असं सगळं. ते खिडकीबाहेर बंद पडलेल्या छोट्या गाडीचे रूळ बघत बसले होते. मग माझाच राग उतरला आणि मी म्हटलं, ते रागात बोलले, उतरेल राग, ढोल काढू नका. तुमचाच नियम आहे ना, पुसायचं नाही म्हणून. मास्तर म्हणाले, "नियम माहा होता मॅडम. ढोल त्याचा हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि मला बसायला सांगितलं. एकेक गाणं उघडायचे, त्यातला ढोल पूर्ण वाजू द्यायचे, आणि मग काढायचे. मध्येच शटरखालून वाकून एक बाई मोबाईलची काच बसवून मागत होती. मास्तरांनी तिला काच बसवून दिली, परत आले, पुढचं गाणं उघडलं. सॅक्सोफोनवाला राहिला, बेंजोवाले काका राहिले, "हां, हां" राहिलं. गेले ते एकटे वसंतभाऊ. त्या दिवसानंतर मास्तर चालताना पाय आपटेनासे झाले. पुलगावात बऱ्याच जणांना वाटलं, तेल लागू पडलं.

एवढं झाल्यावर माणसानं अल्बम गाडून टाकला असता. पण हे मास्तर. ते म्हणाले, ज्यांनी वाजवलं त्यांचं बाहेर यायला पाहिजे. आता अल्बम काढणारी कंपनी कुठून आणणार? तर त्यांनी सोपी युक्ती काढली. दुरुस्तीला आलेला प्रत्येक मोबाईल परत देताना त्यात हा अल्बम घालून द्यायचा. फुकट आणि न सांगता. अशा रीतीनं आमचा अल्बम पुलगाव, आर्वी, देवळी, जिथवर त्यांचं गिऱ्हाईक होतं तिथवर पोचला. जगातला हा एकच फंक अल्बम असेल ज्यात पहिला ठोकाच नाही. सगळे वाजवणारे त्या ठोक्याच्या अंदाजानं उडी घेतात आणि खाली जमीनच नसते. लोक मोबाईल घेऊन परत यायला लागले. तक्रार एकच, स्पीकर बिघडला, आवाज तुटून राह्यला. मास्तर स्पीकर उघडायचे, पुसायचे, पुन्हा लावून द्यायचे. आवाज तुटलेलाच.

वैशाखात लग्न आलं. पत्रिका मास्तरांना आली, वहिनी स्वतः दुकानात येऊन अक्षत देऊन गेल्या. वसंतभाऊ आले नाहीत. मास्तर जातील की नाही याची मला खात्री नव्हती, पण ते आले, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, आणि मांडवाच्या पार टोकाला, पाण्याच्या कोठीपाशी उभे राहिले. मी त्यांच्याजवळ उभी. उन्हाचा कहर.

नवरदेवाची वरात आली ती डीजेच्या गाडीमागून. डीजे कोणाचा? तर वसंतभाऊंच्याच पोराचा. त्यानं वर्षभरापूर्वी घेतला होता. मास्तर डीजेला 'वाजणारी भिंत' म्हणायचे, त्या पोराच्या तोंडावरही म्हणायचे. तर ही भिंत वाजत वाजत मांडवापाशी आली, पोट्टे घामानं भिजून नाचतायत, वसंतभाऊ फेटा बांधून व्याह्यांना सामोरे उभे आहेत, वहिनींच्या हातात ओवाळायचं ताट. पोरानं गाणी आपल्या मोबाईलवरून लावली होती. चालू गाणं संपलं आणि मोबाईल आपल्या मनानं पुढच्या गाण्यावर गेला.

पोराचा मोबाईल मागच्याच महिन्यात मास्तरांनी दुरुस्त केलेला.

पहिल्यांदा माझा डावा हात वाजला. एवढ्या मोठ्या आवाजात मी स्वतःला कधी ऐकलं नव्हतं आणि पुन्हा ऐकायची इच्छाही नाही. मग मास्तरांचं ट्रम्पेट. आणि जिथं छातीत बसणारा ठोका यायचा तिथं काहीच नाही. पुन्हा सगळं फिरून आलं, पुन्हा काहीच नाही. नाचणारे पोट्टे एक पाय वर करून थांबले. कोणीतरी ओरडलं, अबे, बदलव ना. पोरगा मोबाईल शोधत होता, तो वायरींत कुठंतरी गुंतलेला.

वसंतभाऊ गाडीकडे बघत उभे राहिले. शेवटचं गाणं होतं ते, त्या आठ दिवसांतलं. त्यांचं काय वाजायला हवं होतं ते त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक होतं? फक्त मास्तरांना आणि मला. त्यांनी व्याह्यांना तसंच सोडलं, वहिनींच्या ताटाला वळसा घातला आणि गाडीच्या कडेकडेनं थेट पाण्याच्या कोठीपाशी आले. फेटा सुटत आलेला.

"तुनं खरंच काढला काय बे?"

"तूच म्हटलं ना काढ म्हणून."

"माणूस रागात काहीबी म्हणते!" डीजेच्या वर जाईल असा आवाज काढत ते बोलत होते आणि बोलता बोलता त्यांचा पंजा शेजारच्या कोठीच्या पत्र्यावर पडत होता. "माह्या बापाचं आयकलं नाई, तुह्या बापाचं आयकलं नाई, मॅडमचं आयकलं नाई. जलमभर कोणाचं आयकलं नाई तुनं. अन् आयकलं तं हेच आयकलं काय?"

मास्तरांचा चेहरा मी पाहिला आणि दुसरीकडे बघितलं. मला रडू आलं होतं, रसायनशास्त्राच्या बाईला भर मांडवात. पण एवढं मी ऐकलं, की वसंतभाऊंचा पंजा पत्र्यावर उगाच पडत नव्हता. शिव्या कशाही येत होत्या, पंजा बरोबर एकावर पडत होता. मास्तरांचा उजवा पायही हलला. मग पोराला मोबाईल सापडला आणि त्यानं नेहमीचं गाणं लावलं. फंकवर आमच्या जिल्ह्यात अजून कोणी नाचलेलं नाही, त्या दिवशीही कोणी नाचलं नाही.

जेवायला वसंतभाऊंनी मास्तरांना वाढलं नाही की आग्रह केला नाही. जाताना मात्र दुसरीकडे बघत म्हणाले, "कापूस घरात आला का येजो. पण भावाचं तोंडातून काढशीन तं पाहून घेजो."

दिवाळीनंतर कापूस आला. खोली छतापर्यंत भरली, मधली विहीर केली, आम्ही तिघं त्यात बसलो. मास्तरांनी सवयीनं दोन्ही हात उचलले, मग वसंतभाऊंकडे बघून खाली घेतले. म्हणाले, "तू मार." वसंतभाऊंनी ढोल पुन्हा पहिल्या गाण्यापासून वाजवायला घेतला. पाठ खाजवत, एकेक रविवार.

त्या वर्षी भाव लवकर आला. संक्रांत नुकती झाली होती आणि शेवटची तीन गाणी राहिली होती, त्यात ते आठ दिवसांतलंही होतं. वसंतभाऊंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी कॉम्प्युटरवरची वाकळ नीट केली, सदरा काढून खुंटीला लावला आणि व्यापाऱ्याच्या माणसांबरोबर कापसाची गाठोडी बांधायला लागले. गाडीपर्यंत स्वतः डोक्यावरून नेली, अंग खाजवत, कुठल्याही पावलाला पाय न आपटता. दुपारपर्यंत खोली मोकळी झाली. झाडून घेतल्यावर मास्तर मधोमध उभे राहिले आणि त्यांनी टाळी वाजवली. ती चारही भिंतींवर आपटून घणाणत परत आली.

"घुमू दे," वसंतभाऊ म्हणाले, आणि ढोल ओढून बसले.

राहिलेल्या तिन्ही गाण्यांतला ढोल त्या रिकाम्या खोलीत भरला. पुढे माझी बदली झाली, पण मास्तरांनी जाताना माझा मोबाईल विनाकारण दुरुस्त करून दिला होता. त्यातला अल्बम अजून कधी ऐकते. कापूस कुठं संपला ते बरोबर कळतं.